न पाहिलेला गोठा

चाचा, तुमच्या मरणाचा कागद डॉक्टरांनी माझ्याकडूनच भरून घेतला. दवाखान्यात त्यातल्या त्यात माझं अक्षर बरं आहे, म्हणून. नाव झालं, वय झालं, धर्म झाला आणि मग 'व्यवसाय' आला. हाजी रझा शेजारी उभे होते. म्हणाले, "लिख, मुन्शी." त्यांच्या वडिलांच्या काळापासून तुम्ही त्यांच्या पेढीवर बसत होता, आधी मुंबईत आणि मग इथे शारजात, तेव्हा त्यांचं काही चुकलं नाही. मी 'मुन्शी' लिहिलं. तुम्ही कुठून तरी ओरडून मला अडवलंत असं मी म्हणणार नाही, कारण तसं काही झालं नाही. पेन पुढे सरकलं, खाली सही झाली. दोन वर्षांत पहिल्यांदाच तुमच्याबद्दल मी काहीतरी अर्धवट लिहिलं आणि ते कोणी दुरुस्त केलं नाही.

त्याला आज नऊ दिवस झाले.

बाजारात तुम्हाला सगळे 'मस्कोबी' म्हणायचे. अरबांना रशियातला प्रत्येक माणूस मॉस्कोचाच वाटतो. तुम्ही दर वेळी सांगायचात, "मी मॉस्कोचा नाही. मी व्होल्गाच्या काठचा, आणि नोकरी पीटर्सबर्गला." ऐकणारा मान डोलवायचा आणि निघताना म्हणायचा, "मा सलामा, या मस्कोबी." म्हणजे, येतो मॉस्कोवाले. शेवटी शेवटी तुम्ही तेही सांगणं सोडलंत. मला ते आवडलं नव्हतं. माणूस आपल्या गावाचं नाव दुरुस्त करायचं सोडतो, तेव्हा त्याच्यात काहीतरी विझत चाललेलं असतं.

आपली पहिली भेट तुमच्या पायामुळे झाली. जयगडच्या खाडीवरून मी नुकताच इथे आलो होतो. मुंबईतल्या एका दवाखान्यात केलेली सहा वर्षांची कंपाउंडरकी एवढंच माझं भांडवल. डॉक्टर म्हणाले, खोरच्या, म्हणजे इथल्या खाडीच्या, काठी हाजी रझांचं गोदाम आहे, त्याच्या माडीवर एक म्हातारा गोरा राहतो, साखरेचा आजार आहे, टाचेला जखम आहे, रोज ड्रेसिंग कर आणि सुई दे. मी तांदळाच्या गोणींमधून वाट काढत, सुक्या लिंबांच्या वासातून जिना चढून आलो. तुम्ही त्या उकाड्यात कोटाची सगळी बटणं लावून खुर्चीवर बसला होता. मी इंग्रजीत 'गुड आफ्टरनून' म्हणालो आणि तुम्ही चक्क मराठीत म्हणालात, "ये. माझी पाय फार दुखते."

मला हसू आवरेना. गिरगावातल्या चाळीत वीस वर्षं काढून तुम्ही मराठी शिकला होता, पण 'ती' आणि 'तो' यांचा घोळ कधी सुटला नाही. तुमच्याकडे पाय स्त्रीलिंगी, चंद्र स्त्रीलिंगी, सूर्य नपुंसकलिंगी. "तुमच्याकडे तीन लिंगं, आमच्याकडेही तीन," तुम्ही म्हणायचात, "पण तुमची तीन आणि आमची तीन एकमेकांशी बोलत नाहीत." आता तुमचं बोलणं मी इथे सुधारून लिहितो आहे. तसं लिहिताना चोरी केल्यासारखं वाटतं, पण तुमच्या चुका माझ्या हातून नीट उतरत नाहीत.

मग तुम्ही माझं नाव विचारलंत. मी म्हटलं इस्माईल. "आणि वडिलांचं?" हसन. "मग तू इस्माईल हसनोविच. आमच्याकडे ज्याला मान द्यायचा त्याला बापासकट हाक मारतात." आयुष्यात मला मान देऊन कोणी हाक मारली नव्हती, बापाच्या नावासकट तर नाहीच. मी खाली बसलो, तुमचा पाय मांडीवर घेतला आणि पट्टी सोडायला लागलो.

त्या दिवसापासून दुपारी तीन ते चार हा तास तुमचा झाला. खोरात गाळ इतका साचला होता की ओहोटीला गलबतं चिखलात कलंडून पडायची आणि तुमच्या खिडकीतून ती दिसायची. माझ्याकडे बोलण्यासारखं कोणी नव्हतं. दवाखान्यामागच्या खोलीत आम्ही पाच जण झोपायचो, पण पाचांच्या पाच भाषा आणि पाच पाळ्या. बायको गावी, मुलगी मी पाहिलीसुद्धा नव्हती. तुमच्याकडे बोलायला कोणी नव्हतं याला तर चाळीस वर्षं झाली होती. मी लाल औषधाच्या पाण्याने जखम धुवायचो आणि तुम्ही तुमच्या नोकरीची गोष्ट सांगायचात, अगदी सर्व्हिस बुक वाचून दाखवावं तशी, क्रमाने.

तुमचे वडील देवळात घंटा वाजवायचे आणि पाद्रीबाबांच्या मागे उभे राहून प्रार्थना म्हणायचे. पोराचं अक्षर सुंदर, म्हणून जिल्ह्याच्या खजिना कचेरीत नक्कलनवीस म्हणून चिकटवलं. तिथून परीक्षा देत देत तुम्ही वर गेलात. अठरा वर्षांचे असताना सोन्याचा रुबल पहिल्यांदा हातात घेतलात, तो प्रसंग मला तुम्ही निदान चार वेळा सांगितला असेल. कागदाचा रुबल घेऊन माणूस खिडकीशी यायचा आणि तुम्ही त्याला सोनं द्यायचात. लोक सोनं हातात घेऊन परत द्यायचे, म्हणायचे, जड आहे, कागदच बरा. "सरकारवर विश्वास बसला की माणूस कागद मागतो," तुम्ही म्हणालात. "तो विश्वास आम्ही बसवला आणि आम्हीच घालवला. दोन्ही माझ्या नोकरीतच झालं."

दारूवरून झालेली आपली मजाही आठवते. तुमच्या सरकारने दारू विकायचा मक्ता स्वतःकडे घेतला होता, बाटलीवर सरकारी शिक्का असायचा, आणि खजिन्याचा सगळ्यात मोठा झरा तोच होता, असं तुम्ही सांगितलंत. मी हातातला गॉज खाली ठेवला.

"तोबा! सरकार दारू विकायचं?"

"विकायचं. शुद्ध, चांगली. आम्ही प्रयोगशाळेत तपासायचो."

"आणि लोक पिऊन मरायचे?"

"मरायचे. पण शुद्ध दारूने."

तुम्ही इतक्या गंभीर चेहऱ्याने बोललात की मी आधी घाबरलो आणि मग दोघंही हसलो. तुम्ही हसला होता असे प्रसंग मी बोटांवर मोजू शकतो. मी घरून आलेल्या आमसुलांचं सार करून आणलं तेव्हा एकदा. तुमच्याकडे दलदलीत लाल आंबट फळं मिळायची, त्याचं पाणी असंच लागायचं म्हणालात, आणि डोळे मिटून हसलात. साखर मात्र चोरून खायचात. खडा दातांत धरून वरून चहा. मी डबा हाजींच्या ताब्यात दिला, तरी कुठून मिळवत होता अल्ला जाणे.

आणि मग गाईची गोष्ट आली.

तुम्ही चोविशीत कर निरीक्षक झाला होता. एक तालुका तुमच्या हाताखाली. पीक बुडालेलं वर्ष होतं, गावंच्या गावं सारा भरू शकली नव्हती आणि वरून वसुलीचा तगादा. थकबाकी असेल तर जनावरं लिलावात काढायची, पण कायदा असा की घरातली शेवटची गाय न्यायची नाही. शेवटची आहे की नाही याचा दाखला निरीक्षकाने द्यायचा. एका विधवेचा कागद तुमच्यासमोर आला. कागदावर दोन गाई. गाव बावीस मैलांवर, बर्फ पडलेला, घोडा थकलेला. तुम्ही सही केलीत. एक गाय लिलावात गेली. दुसरी गाय त्याच्या आधीच्या महिन्यातच मेली होती. गावच्या कारकुनाने तिचं नाव खोडलं नव्हतं.

ती बाई चालत तुमच्या कचेरीत आली. दोन दिवस व्हरांड्यात बसली. काही बोलली नाही, ओरडली नाही. तुम्ही तिला आत बोलावलं नाहीत, कारण लिलाव झालेला होता आणि नियमात परत करण्याची तरतूद नव्हती. तिसऱ्या दिवशी ती निघून गेली. वसंतात तुम्हाला कळलं की तिचं धाकटं पोर दुधाविना गेलं.

"आणि त्याच वसंतात," तुम्ही म्हणालात, "मला पीटर्सबर्गला बढती मिळाली. माझ्या तालुक्याची वसुली सगळ्यात चांगली होती."

मी पट्टी गुंडाळत होतो. तुम्ही पुढेही बोलत राहिलात, पण मला ऐकू येईना. मी उभा राहिलो आणि विचारलं, "गोठा बघायला का नाही गेलात?"

"सांगितलं ना. बर्फ होतं."

"बर्फ होतं!"

माझा आवाज खाली गोदामापर्यंत गेला असणार, कारण हमालांचं बोलणं बंद झालं. मी तुम्हाला माझ्या बापाची गोष्ट सांगितली. तोवर सांगितली नव्हती. बाबांचं गलबत होतं, कौलं आणि काथ्या घेऊन किनाऱ्याने जायचं. एका बंदरात जकातवाल्यांनी ते अडकवलं. परवाना संपलाय म्हणाले. परवाना नवा केलेला होता, गलबतावरच्या खोलीत खिळ्याला टांगलेला होता, पण कचेरीतल्या वहीत नोंद जुनी. सही करणारा साहेब जेटीपर्यंत दोनशे पावलं चालला असता तर त्याला तो दिसला असता. तो आला नाही. खटला चालेपर्यंत दोन पावसाळे गलबत उघड्यावर कुजलं. बाबा सुटले, गलबत नाही सुटलं. त्यानंतर ते दुसऱ्यांची जाळी विणत बसले. समुद्राकडे पाठ करून बसायचे.

"तुमच्यासारखाच कोणीतरी असणार तो," मी म्हणालो. "त्यालाही बढती मिळाली असेल."

मला वाटलं होतं तुम्ही रडाल, माफी मागाल, निदान मान खाली घालाल. तुम्ही माझ्याकडे सरळ बघत राहिलात. मी पेटी उचलली आणि जिना उतरलो.

अकरा दिवस मी आलो नाही. डॉक्टरांना सांगितलं, दुसऱ्या कोणाला पाठवा. दुसरा कंपाउंडर दोनदा येऊन परत गेला. तुम्ही त्याला पायाला हात लावू दिला नाहीत. हे मला हाजींनी सांगितलं. ते दवाखान्यात येऊन माझ्यासमोर उभे राहिले. "तू त्याच्याशी काय बोललास ते मला माहीत नाही. पण खोलीत वास यायला लागलाय. यल्ला, चल."

मी आलो. पट्टी सोडली तेव्हा जखम दुप्पट झालेली. मी मान वर न करता धुवत राहिलो. तुम्ही म्हणालात, "इस्माईल हसनोविच, मी तुझी माफी मागत नाही. ज्याची मागायची तो माणूस तू नाहीस."

मला तेव्हा ते उद्धट वाटलं. आता वाटतं, तुम्ही मला त्या दिवशी फार मोठं काहीतरी दिलंत. स्वस्तात सुटायची सोय तुमच्यासमोर होती, मी ती घेऊन आलो होतो, आणि तुम्ही ती नाकारलीत. पण हे मी तुम्हाला सांगितलं नाही. मी फक्त म्हणालो, "पाय हलवू नका."

त्यानंतर उरलेली गोष्ट तुम्ही तुकड्या-तुकड्यांनी सांगितलीत. पीटर्सबर्गला लांबलचक खोलीत रांगेने टेबलं, तुम्ही हळूहळू एका टेबलाचे, म्हणजे एका विभागाचे, प्रमुख झालात. तिथे बसून तुम्ही एक परिपत्रक लिहिलंत, एकच कलम असलेलं. कर निरीक्षकाने जप्तीच्या कागदावर सही करण्याआधी स्वतः त्या घरी जाऊन गोठा डोळ्यांनी पाहावा. बस. एवढंच वाक्य सहा वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. कोणी म्हणालं निरीक्षक कमी आहेत, कोणी म्हणालं घोड्यांचा खर्च, कोणी म्हणालं भाषा बदला. सहा वर्षांनी मंजुरी मिळाली, छापून गठ्ठे आले, आणि त्याच उन्हाळ्यात महायुद्ध पेटलं. गठ्ठे माळ्यावर गेले.

मग क्रांती झाली. नव्या सरकारला पैसे द्यायचे नाहीत म्हणून तुम्ही सगळे कारकून काम बंद करून घरी बसलात. त्या हिवाळ्यात लाकूड मिळेना. तुमची बायको वेरा तापाने पडलेली. तुम्ही रिकाम्या कचेरीत शिरलात आणि ते गठ्ठे पोत्यात भरून घरी आणलेत. शेगडीत घातलेत.

"किती वेळ जळले?" मी विचारलं होतं.

"दीड दिवस. चांगला कागद होता. खोली छान ऊबदार झाली. वेरा म्हणाली, आर्सेनी, हे काय जाळतोयस? मी म्हटलं, माझी नोकरी."

वेरा गेल्या. तुम्ही दक्षिणेला निघालात, बाकू, तिथून बोटीने इराण, बुशहर, मुंबई. हा सगळा प्रवास तुम्ही तीन वाक्यांत संपवायचात. जणू वेरा गेल्यावर तुमची नोकरीही संपली आणि आयुष्यही, पुढचं सगळं नुसतं पत्ता बदलणं. मी एकदा विचारलं, परत लग्न का नाही केलंत? तुम्ही म्हणालात, "माझ्याकडे पासपोर्ट नाही. मी कुणाला काय दाखवणार, की मी आहे?"

आणि हा उन्हाळा. हिंदुस्थानात रुपयाची किंमत पाडली आणि इथे बाजारात गोंधळ उडाला. इथे चालायच्या त्या आखातासाठी वेगळ्या रंगात छापलेल्या रुपयाच्या नोटा, सगळ्यांचा पगार त्यात, सगळ्यांची उशीखालची पुंजी त्यात. दोन दिवसांत पदपथावर दलाल बसले. नोटेला अर्धी-पाऊण किंमत देऊन विकत घेत होते. लोक घाबरून रांगा लावत होते. माझ्याही ट्रंकेत होत्या. मी तुमची सुई उकळत ठेवली आणि म्हटलं, "चाचा, मी उद्या विकून टाकतो."

तुम्ही खुर्चीत ताठ बसलात. इतक्या दिवसांत तुम्हाला तसं बसलेलं पाहिलं नव्हतं. "एकही विकू नकोस. इथल्या राजांना आपला बाजार चालवायचाय. नवं नाणं आणतील, नाहीतर शेजाऱ्याचं उसनं आणतील, आणि जुनी नोट जुन्या भावाने घेतील. घ्यावीच लागेल. दलालांना हे माहीत आहे, म्हणून तर ते विकत घेतायत."

तुम्ही हाजींना बोलावून तेच सांगितलंत. हाजी खूश झाले. मग तुम्ही म्हणालात, "हमालांना सांगा. खलाशांना सांगा. सगळ्यांना."

"मैं क्या ढिंढोरा पीटूँ?" हाजी म्हणाले. "आपला बाजार, प्रत्येकाला आपापली अक्कल." आणि खाली गेले. वाईट माणूस नाही ते. व्यापारी आहेत.

तुम्ही बूट मागितलात.

मी म्हणालो, पाय जमिनीला लागता कामा नये. तुम्ही म्हणालात, बूट. मी म्हणालो, बाहेर उन्हाची आग आहे. तुम्ही स्वतः वाकून बूट शोधायला लागलात. एका पायात बूट, दुसऱ्या पायाला मी पट्टीवरून गोणपाट बांधलं आणि एक गाढववाला पाहिला. दोन दिवस आपण बाजारामागच्या आणि विमानतळाच्या वाटेवरच्या झावळ्यांच्या झोपड्यांमधून फिरलो. तुम्ही प्रत्येक दारात उतरायचात. गाढवावरून ओरडून सांगणं तुम्हाला मंजूर नव्हतं. दारात उभं राहून, टोपी काढून, तुमच्या त्या मुंबईच्या हिंदुस्तानीत सांगायचात, "नोट मत बेचो. थोड़ा दिन रुको. पूरा दाम मिलेगा." बलुची, मलबारी, आपले कोकणातले, सगळे तुमच्याकडे बघत राहायचे. काही हसले. एकाने कुत्रं सोडलं. एका झोपडीत एक बलुची हमाल नोटांचं पुडकं कमरेला बांधून निघालाच होता. त्याने विचारलं, "इसमें तेरा क्या फ़ायदा, बुड्ढे?"

तुम्ही विचार केलात, खरोखर विचार केलात, आणि म्हणालात, "मेरा कुछ नहीं. मैं देर से आया हूँ."

त्याला काय कळलं कोण जाणे. तो परत आत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोणपाट ओलं दिसलं. पाणी नव्हतं ते. मी वाटेतच गाढव थांबवलं आणि माझा तोल गेला. म्हणालो, "इथे उन्हात मरून तिकडची गाय परत येणार आहे का?"

चाचा, हे वाक्य मी परत घेतलं नाही. तीन आठवडे हातात होते. रोज दुपारी तीन वाजता तुमच्यासमोर बसत होतो आणि रोज ते जिभेवर यायचं की मी तसं बोलायला नको होतं. तुम्ही तेव्हा फक्त "नाही" म्हणाला होता, आणि पुढचं दार दाखवलं होतं. अजून अकरा दारं राहिली होती.

पाय काळा पडला. डॉक्टर म्हणाले दुबईला नेऊन कापावा लागेल. मी विनवण्या केल्या, ओरडलो, हाजींना मध्ये घातलं. तुम्ही ऐकलं नाहीत. हट्ट की थकवा, मला अजून ठरवता येत नाही. बाजारात शेजारच्या देशाचे रियाल येऊन जुन्या नोटा जुन्याच भावाने बदलून मिळायला लागल्या, ती बातमी मी तुम्हाला सांगितली, तेव्हा तुम्ही शुद्धीवर होता. मला वाटलं आता तरी तुम्हाला बरं वाटेल. तुम्ही विचारलंत, "दलालांना विकल्या त्यांचं काय?" मी म्हटलं, त्यांचं गेलं. तुम्ही तोंड भिंतीकडे केलंत. त्यानंतर माझ्याशी मराठीत एक शब्दही बोलला नाहीत. जे बोललात ते तुमच्या भाषेत, आणि त्यातलं मला फक्त 'वेरा' कळलं.

पुरायला आम्ही पाच जण होतो. हाजी, त्यांचा भाऊ, डॉक्टर, दवाखान्यातली केरळची नर्स आणि मी. गावाबाहेर परदेशी ख्रिश्चनांसाठी ठेवलेली थोडी जागा आहे, तिथे. तुमच्या पंथाचा पाद्री या किनाऱ्यावर कुठे असेल तर मला माहीत नाही. नर्सने तिची प्रार्थना मल्याळममध्ये म्हटली. मी मनात फातिहा म्हटला. दुसऱ्या धर्माच्या मेलेल्या माणसासाठी तो चालतो की नाही ते मौलवींना विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. झोपड्यांमधलं कोणी आलं नव्हतं. कामाचा दिवस होता आणि त्यांना कोणी कळवलंही नव्हतं. उन्हात वाळू इतकी कोरडी होती की खड्ड्याच्या कडा पुन्हा पुन्हा आत ढासळत होत्या. हाजींनी परतताना गाडीत बसायला सांगितलं, मी चालत आलो.

तीन ते चार हा तास आता मी दवाखान्यात बाटल्या पुसतो.

काल एक हमाल बोट चेचलं म्हणून आला. मी टाके घालत होतो. तो माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "तू वही है ना? उस बुड्ढे गोरे के साथ था?" मी ओळखलं. कमरेला पुडकं बांधून निघालेला तो. दाद मोहम्मद. त्याच्या सगळ्या नोटांचे पूर्ण रियाल आले, ते त्याने मकरानला बहिणीकडे पाठवले. "कौन था वो?" त्याने विचारलं. "कहाँ रहता है? मछली देनी है उसको."

मी त्याला सांगितलं की तुम्ही गेलात. मग मी, का कोण जाणे, त्याला सगळं सांगितलं. व्होल्गा, खजिना कचेरी, सोन्याचा रुबल, व्हरांड्यात बसलेली बाई, ते मूल, जळलेले गठ्ठे. माझं हिंदुस्तानी तुमच्याहून चांगलं नाही, पण तो टाके विसरून ऐकत होता. ती गाय ऐकून तो तुम्हाला शिव्या देईल असं मला वाटत होतं. त्याने डोळे पुसले, तेही पट्टी बांधलेल्या हाताने.

"जुम्मे को दुआ करूँगा," तो म्हणाला. "उसके लिए भी, और उस बेवा के लिए भी. दुआ में नाम लेना अच्छा होता है. उसका नाम?"

मी म्हटलं, आर्सेनी पेत्रोविच. त्याने दोन-तीनदा म्हणून पाहिलं.

"और उस बेवा का?"

चाचा, त्या विधवेचं नाव मला माहीत नव्हतं. दोन वर्षं मी तुमच्या पायाशी बसलो. तिच्यावरून तुमच्याशी अकरा दिवस अबोला धरला, तिच्या नावाने तुम्हाला उन्हात भर रस्त्यात टोचलं, आणि तिला नाव असेल हे माझ्या एकदाही मनात आलं नाही. तुम्हाला ते माहीत होतं. कागदावर वाचून, त्याच्याखाली सही केली होती तुम्ही. मी विचारलं असतं तर तुम्ही तिच्या बापाच्या नावासकट सांगितलं असतंत.

दाद मोहम्मद वाट बघत उभा राहिला. मग म्हणाला, "अच्छा, अल्लाह जानता है," आणि गेला. मी दारात उभा राहून तो बाजाराकडे वळेपर्यंत बघत होतो. ते नाव उच्चारू शकेल असा माणूस आता या जगात कोणी उरला नाही.